शालनची फेरमोजणी

आमच्या हिच्या हातून आजवर दोन ड्रॅगन, एक दगाबाज राजपुत्र आणि मोजायचे सोडून दिलेले राक्षस मेले आहेत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत शालनला सगळे 'मोजणीवाल्या ओव्हाळ मॅडम' म्हणून ओळखतात, आणि गुडघ्याच्या ऑपरेशनपासून मॅडम घरात बसून लोकरीचं काहीतरी विणत असतील अशी सर्वांची समजूत आहे. एका बाईंनी तर नातीच्या टोपीचं माप पाठवलं होतं. मी ते ठेवून घेतलं आणि गप्प बसलो.

मी दशरथ ओव्हाळ. एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. कुठल्या रॅकवर कुठला नट आणि किती, हे सांगणं माझं काम. शालनचं काम माझ्यापेक्षा वरचं. भूमी अभिलेख खात्यात ती भूकरमापक होती, म्हणजे शेतं मोजून कोणाची हद्द कुठवर हे ठरवून देणारी. सत्त्याऐंशी साली बाईमाणूस साखळी घेऊन बांधावर उतरलं की निम्मं गाव बघायला यायचं. मांजरी गावच्या उसात एकदा मच्छिंद्र नावाच्या शेतकऱ्याने हद्दीचा दगड शेजाऱ्याच्या रानात चांगला दहा फूट सरकवून ठेवला होता. वर शपथेवर सांगत होता, "बाई, दगुड हितंच हाय, माझ्या आज्यापासनं." शालनने जुन्या मोजणीचा कागद काढला, दोनदा माप घेतलं आणि म्हणाली, "दगडाला पाय नसतात हो. तुम्हाला आहेत."

खात्यातले लोक हा किस्सा अजून सांगतात. शालन सांगत नाही, तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही. कागद काय म्हणतो ते बघायचं, जागेवर जायचं, पावलं मोजायची, एवढीच तिची विद्या. तिचं पाऊल अडीच फुटांचं. निवृत्तीनंतरही ती सवय गेलेली नाही. आमच्या ओट्यापासून गॅलरीपर्यंत अकरा पावलं आहेत, हे मला या घरात आल्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं. मी विचारलं नव्हतं.

ऑपरेशन झालं तेव्हा आमची मुलगी सोनाली बंगळुरूहून महिनाभर आली होती. येताना तिने तिचं गेमचं मशीन आणलं. खेळाचं नाव ऑस्टरवेल. मी वेल्हे म्हणतो, तालुका तरी ओळखीचा. त्यात एक भलामोठा मुलूख आहे, डोंगर, गावं, गुहा, जादूगार सगळं. आपण आपलं एक माणूस घेऊन त्यात हिंडायचं, लोकांची कामं करून द्यायची आणि वाटेत जे अंगावर येईल त्याला मारायचं. सोनाली खेळायची आणि शालन पाय उशीवर ठेवून बघायची. आठवडाभराने शालन म्हणाली, "ती टेकडी चुकीच्या बाजूने चढतेयस." सोनालीने कंट्रोलर तिच्या हातात दिला. महिन्याने सोनाली गेली, मशीन इथेच राहिलं.

शालनने खेळातल्या आपल्या बाईचं नाव गोदा ठेवलं. गोदाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. "आईला जन्मात कोणी पुण्याबाहेर नेलं नाही," एवढंच कारण तिने दिलं. मग ही गोदा पाठीला धनुष्य लावून दीड वर्ष तो सगळा मुलूख हिंडली. हा त्या मालिकेतला चौथा, सर्वांत नवा खेळ. त्यात एखादं काम मिळालं की वाटेवर सोनेरी बाण दिसायला लागतो. बाण जिकडे दाखवेल तिकडे जायचं, चुकायची सोयच नाही. दीड वर्षाने सगळं संपलं. राजपुत्र मेला, बनवणाऱ्यांची नावं वर सरकत गेली, आणि लग्नघरातली पाहुणेमंडळी गेल्यावर बसतात तशी शालन दोन दिवस नुसती बसून राहिली.

तेव्हा सोनाली फोनवर म्हणाली, "मम्मी, आता टू खेळ ना! ऑस्टरवेल टू. वीस-बावीस वर्षं जुना आहे, पण आता नवीन मशीनवर पण आलाय. सगळ्या सिरीजमध्ये बेस्ट. फक्त ग्राफिक्स जरा बेकार आहेत, आणि त्यात बाण नाहीये."

"बाण नाही म्हणजे?"

"म्हणजे लोक तोंडाने सांगतात. या ओढ्याने जा, त्या झाडापाशी वळ. आपण लक्षात ठेवायचं आणि शोधायचं. तुझ्यासाठीच बनवलाय बघ!"

सोनालीला वाटलं असणार, आई उडी मारेल. शालन म्हणाली, "बघू," आणि फोन माझ्याकडे दिला.

त्या 'बघू'चं कारण मला माहीत होतं. सासूबाई मंडईत भाजी विकायच्या. साठीनंतर त्यांचं डोकं हळूहळू गेलं. एकदा घरातून पाणी प्यायला म्हणून उठल्या आणि थेट मंडईत सापडल्या, दुसऱ्याच्याच गाळ्यावर बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. शेवटची दोन वर्षं त्या शालनला 'ताई' म्हणायच्या आणि माझी मुलगी कधी येणार म्हणून तिलाच विचारायच्या. शालन सांगायची, "येईल संध्याकाळी." शालन आता एकसष्टची आहे.

आठ महिन्यांपूर्वी आमच्या भाचीने, आम्रपालीने, मांजरीच्या नव्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं होतं. शालन पुढे गेली, मी मागून निघणार होतो. "मांजरी मला नका सांगू," असं म्हणून गेली, आणि खरंच तिथलं निम्मं शिवार तिने पायाखाली घातलेलं आहे. तासाभराने तिचा फोन आला. "अहो, मी कुठे आहे ते मला कळत नाहीये." आवाज अगदी साधा होता; तेवढ्यानेच मी हातातलं टाकून निघालो. समोर काय काय दिसतंय ते तिच्याकडून वदवून घेत मी पोचलो, तर ती एका बांधकामाच्या पत्र्याला टेकून उभी होती आणि आम्रपालीची इमारत तिथून समोर दिसत होती. आम्रपालीला आम्ही ट्रॅफिक होता म्हणून सांगितलं. पुण्यात हे कारण कोणी तपासत नाही.

त्यानंतर एकदा गॅस चालू राहिला. एकदा चष्मा फ्रिजमध्ये निघाला. एकदा किसणीला काय म्हणतात ते तिला मिनिटभर आठवेना, हाताने किसून दाखवत राहिली. या गोष्टी घरोघरी होतात हे मलाही कळतं, पण प्रत्येकाच्या सासूबाई मंडईत सापडलेल्या नसतात. आम्ही दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही. डॉक्टरचं तर नावच काढलं नाही.

आता बाण नसलेला खेळ म्हणजे आमच्या घरात काय, ते लक्षात आलं असेल. चौथ्या खेळात शालनचं डोकं शाबूत आहे की नाही हा प्रश्न उठत नव्हता, कारण बाण होता. दुसऱ्या खेळात ते चार दिवसांत उघडं पडलं असतं. स्वतःला ते कळेल याची तिला भीती वाटत होती. तिला ते कळेल याची मला.

म्हणून मी त्या खेळाविरुद्ध आघाडी उघडली. मोबाइलवर चित्रं काढून तिच्यापुढे धरली. "बघ ही माणसं. माणसं आहेत का बटाट्याची पोती?"

"पोत्यांना बोलता येतंय ना, मग झालं."

"नवी गाडी चालवल्यावर कोणी परत लुनावर बसतं का?"

"तुमची लुना अजून पार्किंगमध्ये उभी आहे," शालन म्हणाली. मी विषय बदलला.

ती स्वतःही चष्मा लावून लोकांची मतं वाचत बसायची. निम्मे लोक म्हणायचे की हाच खरा खेळ, बाकीचे नुसता देखावा. निम्मे म्हणायचे की लहानपणी खेळला असाल तरच वाटेला जा, नाहीतर नवीन खेळाची गोडीही जाईल. "पहिले दहा तास सहन करा, मग आवडायला लागतो, असं लिहिलंय एकाने," ती म्हणाली.

"दहा तास सहन करावी लागणारी वस्तू घ्यायची कशाला?"

"तुम्हाला मी चार वर्षं सहन केलं."

तिचा ओढा कुठे आहे हे दिसत होतं, आणि तरी ती खेळ घेत नव्हती. शेवटी मी गच्चीवर जाऊन सोनालीला फोन केला. म्हटलं, आईला त्या जुन्या खेळाचा आग्रह करू नकोस. "का पण? पप्पा, काय झालंय?" सोनालीने विचारलं. मी म्हणालो, तिच्या डोळ्यांना त्रास होतो. जन्मभर स्टॉक बरोबर दाखवणारा माणूस मी, त्या दिवशी पोटच्या पोरीशी खोटं बोललो, आणि खाली येऊन शालनला विचारलं, "चहा टाकू का?"

त्या रविवारी विहारातून वंदना करून परत येत होतो. आमच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर शालन थांबली. गुडघा असेल म्हणून मीही थांबलो.

"मी तो दुसरा खेळ घेते," ती म्हणाली.

"कशाला पण?"

"जागेवर गेल्याशिवाय हद्द ठरत नाही."

ती खेळाबद्दल बोलत नव्हती. मला कळलं, आणि मला ते कळलेलं तिलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती बसली. सोबत खात्यातली एक उरलेली लांबट वही, दोन पेनं, पट्टी. याही बाईचं नाव गोदाच. ग्राफिक्स म्हणजे खरोखर पोती होती, पण शालनचं तिकडे लक्ष नव्हतं. कोणी वाट सांगितली की ती खेळ थांबवून मराठीत वहीत उतरवायची: दिशा, खूण, वळण. मग गोदाला चालवायची आणि पावलांचा जो टप टप आवाज यायचा तो मोजायची. खेळात कोणी असं मोजत नाही म्हणे. सोनालीला सांगितलं तेव्हा ती दोन मिनिटं हसत होती. पहिली गुहा सापडली, मग एक पडका बुरूज सापडला, मग जंगलात दडलेला एक जादूगार. पाचव्या दिवशी वहीच्या मधल्या दोन पानांवर त्या मुलखाचा नकाशा तयार झाला, उत्तर दिशा दाखवून. मी पेपर वाचतोय असं दाखवत तिच्या खांद्यावरून बघत होतो, आणि मला जरा श्वास घेता यायला लागला.

मग ती म्हातारी आली.

एका खेड्यात एक म्हातारी असते, तिची सून आजारी असते. डोंगरातल्या गुहेतल्या झऱ्याचं पाणी आणायचं असतं. म्हातारी वाट सांगते: मोडक्या पुलापासून ओढ्याकाठाने पूर्वेला जा. दोन उभे दगड लागतील. तिथून उत्तरेला वळ आणि टेकडी उजव्या हाताला ठेवून चालत राहा. शालनने उतरवून घेतलं आणि निघाली. गुहा मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशीही मिळाली नाही. मी म्हणालो, इंग्रजी वाचताना काही गफलत झाली असेल. "ईस्ट म्हणजे पूर्व. अजून तरी," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी ती जेवली कमी. सोनालीला विचार म्हटलं तर नाही म्हणाली, नेटवर बघ म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी पेपर उघडला. परीक्षेत कॉपी करून पास होण्यात तिला काय मिळणार होतं? चौथ्या दुपारी ती पुन्हा पुलापाशी गेली, पुन्हा पूर्वेला, पुन्हा उत्तरेला, आणि समोर नुसता सपाट माळ. तिने टीव्ही बंद केला, वही मिटली आणि त्यावर पेन ठेवलं.

"आईचं असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली. "आधी वाटा गेल्या."

आठ महिन्यांत पहिल्यांदा ती गोष्ट आमच्या घरात मोठ्याने बोलली गेली. मी धीराचं काहीतरी बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी वही ओढून घेतली.

वहीत लिहिलं होतं: पूल ते दगड, ४१० पावलं. दगडापासून उत्तरेस ६००. गुहा नाही. खाली दुसऱ्या दिवसाची तारीख: ४१०, ६००, गुहा नाही. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. आकडा एका पावलानेही हललेला नव्हता. एकतीस वर्षं मी लोकांनी लिहिलेले आकडे तपासलेत. घोळ घालणाऱ्या माणसाचे आकडे असे येत नाहीत.

"शालन, हे बरोबर आहे," मी म्हणालो.

"बरोबर आहे तर गुहा कुठे आहे?"

"म्हातारीने चुकीचं सांगितलं असेल."

"काहीतरीच काय. तिथे तसं लिहिलेलं आहे."

"आमच्याकडे माल कमी निघाला की सगळे आधी रॅक उपसायचे. मी आधी स्टॉकचं कार्ड बघायचो. निम्म्या वेळी कार्डावरच चुकीचं लिहिलेलं असायचं."

"ते तुमचं वर्कशॉप. हे गावाचं रेकॉर्ड आहे. रेकॉर्ड चुकीचं म्हणायला पुरावा लागतो."

तेव्हा माझा तोल गेला. मी तिच्यावर ओरडलो. "चार दिवस एकसारखं मोजलंयस! कागद चुकलाय आणि तू बरोबर आहेस, हे तुला एकदा तरी वाटू दे की!" ओरडताना माझाच आवाज फाटला. कारण आठ महिने मलाही ते वाटलेलं नव्हतं. चष्मा फ्रिजमध्ये निघाला त्या दिवसापासून मी तिच्या प्रत्येक गोष्टीत चूकच शोधत आलो होतो, आणि त्याला मी काळजी म्हणत होतो. लाज वाटली मला.

मी पाणी प्यायलो, पुन्हा वही घेतली आणि म्हातारीचं म्हणणं पहिल्यापासून वाचलं. "दोन दगड म्हणतेय ती. तुझ्या वहीत एकच आहे."

"एक कोणीतरी हलवला असेल. दगड नेहमीच हलवतात लोक."

"कोण लोक?" मी म्हणालो. "त्या वेल्ह्यात दगड हलवायला मच्छिंद्र कुठून आला?"

शालनच्या नोकरीत एक दगड गायब असणं हे इतकं रोजचं होतं की तिने तो मनातल्या मनात पाडून टाकला होता आणि उरलेल्या एकापासून मोजणी चालू केली होती. ती एकदम खुर्चीच्या टोकाला आली. "थांबा. टेकडी कुठल्या हाताला म्हणाली ती?"

"उजव्या."

"उठा. हा टीपॉय म्हणजे पूल."

आमच्या हॉलची खिडकी उत्तरेला आहे, हे आमच्याकडे आलेल्या पाहुण्यालाही सांगितलं जातं. तिने टीपॉय आणि खिडकी यांच्यामध्ये एक खुर्ची ठेवायला लावली, वर दोन उशा. ही टेकडी. सतरंजीची कड हा ओढा. "आता पूर्वेला चाला," ती म्हणाली. मी स्वयंपाकघराच्या दिशेने गेलो. "आता उत्तरेला वळा." वळलो. "टेकडी कुठल्या हाताला?"

मी उशांकडे बघितलं. "डाव्या."

"परत चाला."

परत चाललो. परत डाव्याच हाताला. सासष्टाव्या वर्षी लुंगीवर हॉलमध्ये येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाला समोरच्या इमारतीतून कोणी पाहिलं असेल तर त्यांनी काय समजायचं ते समजावं. "आता दाराकडे जा," शालन म्हणाली, आणि तिचा आवाज आता ऑफिसातला होता. मी पश्चिमेला, दाराच्या दिशेने गेलो, उत्तरेला वळलो, आणि उशा उजव्या हाताला आल्या.

"पूर्व म्हणाली तर टेकडी डावीकडे हवी. टेकडी उजवीकडे म्हणते तर पश्चिम हवी. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही," शालन म्हणाली. "चतुःसीमाच जुळत नाहीये हिची. मी आधी ताडून बघायला हवं होतं." हे ती स्वतःवर चिडून म्हणाली, आणि ते चिडणं इतकं जुनं, इतकं ओळखीचं होतं की मला बरं वाटलं.

टीव्ही लागला. गोदा पुलापासून पश्चिमेला निघाली. शालन ओठातल्या ओठात मोजत होती. तीनशे नव्वदला दोन दगड आले, माणसाच्या उंचीचे, शेजारी शेजारी. ती उत्तरेला वळली. टेकडी उजव्या हाताला आली. पुढे झुडपं, मग कातळ, आणि कातळात काळं तोंड उघडलेली गुहा. आत पाण्याचा आवाज येत होता.

शालनने पाणी भरून घेतलं. खेळ थांबवला. वहीत लाल पेनाने लिहिलं, 'दुरुस्ती: पूर्वऐवजी पश्चिम वाचावे', खाली सही केली, तारीख घातली. मग कंट्रोलर मांडीवर ठेवून ती रडायला लागली. हुंदके देऊन, सगळं अंग हलेपर्यंत. मी टेकडीवरच्या उशा खाली टाकून त्या खुर्चीवर तिच्या शेजारी बसलो आणि तिचा हात धरला. सदतीस वर्षांच्या संसारात आम्ही दुपारी चार वाजता हॉलमध्ये हात धरून कधी बसलो नव्हतो.

संध्याकाळी तिने सोनालीला सांगितलं, तर फोनमधून किंकाळीच आली. "मम्मी! ते फेमस आहे! त्या म्हातारीचा डायलॉग पहिल्यापासून चुकलेला आहे, कंपनीने कधी नीटच केला नाही. सगळे नेटवर बघून जातात. मी पण बघूनच गेले होते. तू हॉलमध्ये पप्पांना चालवून शोधलंस?"

"त्यांना व्यायाम होतो," शालन म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "आता डॉक्टरांकडे जाऊ."

मी म्हणालो, अगं, आता कशाला? झालं ना सगळं ठीक?

"एक गुहा सापडली म्हणजे सगळा गट मोजून झाला का? अर्धी मोजणी सोडायची नाही. इतके दिवस हिंमत होत नव्हती, आता होतेय."

त्यात चूक काढता येण्यासारखं काही नव्हतं. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांनी तिला घड्याळ काढायला लावलं. शालनने पट्टी मागितली. पाच शब्द ऐकवून दहा मिनिटांनी विचारले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आईची सगळी हकिकत नीट ऐकून घेतली. दिवसभर काय करता, असं विचारल्यावर शालन म्हणाली, "मोजणी." डॉक्टरांना वाटलं बाई अजून नोकरीत आहेत. मग फोटो काढले, रक्त तपासलं. आठ दिवस थांबायला सांगितलं, आणि त्या आठ दिवसांत मी घरातले सगळे स्क्रू, खिळे डबे लावून ठेवले.

रिपोर्ट घेऊन गेलो त्या दिवशी डॉक्टरांनी आधी चष्मा पुसला, तेवढ्यात मी अर्धा मेलो. मग म्हणाले, "आईंच्या आजाराचं कुठलंही लक्षण आज दिसत नाही. बी-बारा मात्र तळाला गेलंय, विसरायला होतं ते त्याने असू शकतं. इंजेक्शनं घ्या, वर्षाने पुन्हा दाखवा." मी तीनदा विचारलं, नक्की ना? तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, "ओव्हाळसाहेब, तुमची पण टेस्ट करायची का?"

बाहेर आलो. भर दुपारची गर्दी, हॉर्न, ऊन, आणि मला तो सगळा गोंगाटसुद्धा आवडत होता. रिक्षा मिळेना म्हणून फुटपाथवर उभे होतो. शालन रस्त्याकडे बघत म्हणाली, "एक सांगू? मांजरीच्या त्या दिवसानंतर रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी मनातल्या मनात तुमचं नाव घेऊन बघायचे."

"नाव?"

"हो. दशरथ." सदतीस वर्षांत तिने मला 'अहो'शिवाय हाक मारलेली नाही. "आठवलं की मग उठायचे. उद्यापासून नाही घेणार. उद्या नुसती उठेन."

तेवढ्यात रिक्षा थांबली. आत बसल्यावर रिक्षावाल्याने विचारलं, कुठे जायचं? मी रिपोर्टची फाइल पुन्हा उघडून बसलो होतो. शालनने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातावर हात ठेवला आणि पुढे वाकून तिनेच घरचा पत्ता सांगितला, चौकापासून कितवी गल्ली आणि कुठल्या हाताला वळायचं त्यासकट.